तळापासून गुंडाळलेल्या नळ्या

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तू बरी असावीस असं सकाळी देवापुढे बसून मागितलं आणि मगच दुकान उघडलं. तरी विचारतो. तब्येत कशी आहे? खोकला, ताप, चक्कर असं काही नाही ना? ज्यांच्या घरी राहून सेवा करतेस त्या आजीबाईंना दिवसातून तीनदा गोळ्या देतेस, पण स्वतःला काही झालं तर अंगावर काढशील, हे मला ठाऊक आहे. फोनवर विचारलं की तू हसतेस आणि म्हणतेस, "मला काय धाड भरलीय?" तसं नको. उलट टपाली लिहून कळव.

इकडे ठीक आहे. तुझ्या भावजयीचा गुडघा पुन्हा धरलाय. तिचं म्हणणं, गुडघा तिचा दुखतो आणि कण्हतो मी. दुकानासमोरचा रस्ता रुंद करायला उकरून ठेवलाय. सगळीकडे खडी पसरली आहे, त्यामुळे दिवसाला दहा-बारा पंक्चर येतात. चहावाला म्हणतो, "ठेकेदार तुमचा साडू असला पाहिजे."

एक गंमत तुला सांगायची राहिली. जूनमध्ये हेडमास्तर दुकानात आले आणि म्हणाले, मुलांना काहीतरी हाताचं काम यायला हवं, दर शनिवारी एक तास शाळेत येऊन पंक्चर काढायला शिकवा. ज्या वर्गात मी पाढे चुकले म्हणून बाकावर उभा राहायचो, त्याच वर्गात फळ्यापुढे उभा राहिलो. आधी फळ्याकडेच तोंड करून बोलू लागलो. पण पाण्याचं घमेलं ठेवलं, ट्यूब दाबली, बुडबुडा आला, आणि मुलं अशी काही ओरडली की माझी भीड चेपली. घासून घ्यायचं, सोल्युशन लावायचं, वाळू द्यायचं, मग ठिगळ. घाई केली तर ठिगळ सुटतं. आणि सोल्युशनची नळी मधूनच दाबायची नाही, तळापासून गुंडाळत आणायची, म्हणजे शेवटचा थेंबही वाया जात नाही. हे मला माझ्या उस्तादाने मुस्काटात मारून शिकवलं होतं. मी हसत हसत शिकवलं.

मुलांनी मनावर घेतलं. आता सगळी आपापली पंक्चर आपणच काढतात, माझ्याकडून फक्त सोल्युशनच्या नळ्या नेतात. चहावाला म्हणाला, "स्वतःच्या पोटावर पाय आणलात की!" मी म्हटलं, विद्या दिल्याने कमी होत नाही. खरं सांगतो, छाती फुगली होती.

आपला भुंगा बरा आहे. उंची इतकी वाढली की दाराला कपाळ आपटतो. लहानपणी चाक फिरवायचा आणि त्याच्या आवाजात आवाज मिसळून गुणगुणत बसायचा, म्हणून मीच, त्याच्या मामाने, हे नाव ठेवलं. आता मिसरूड फुटली तरी गावाला त्याचं दुसरं नाव आठवत नाही. जेवण थोडं कमी झालंय. डोकं दुखतं म्हणतो. परवा हातातून दोनदा कप पडला. भावजय म्हणते, या वयात हातपाय शरीराच्या आधी पळतात, त्यांचा मेळ बसायला वेळ लागतो. तिचे तीन भाऊ असेच होते म्हणे.

महिन्याभरापासून शाळा सुटल्यावर मी त्याला दुकानात बसवून घेतो. नजरेसमोर असलेला बरा. काही विशेष कारण नाही. दहावीचं वर्ष, उगाच उनाडक्या कशाला.

भावजय काल नाक मुरडून म्हणाली, "पोराच्या अंथरुणालासुद्धा सोल्युशनचा वास येतोय." मी म्हटलं, "माझ्या अंथरुणाला बावीस वर्षं येतोय, तेव्हा नाही बोललीस ती?" ती म्हणाली, "बोलले होते. तुमचं नाक तेव्हाच मेलं होतं."

ताई, एक विचारू? शपथेला किती जोर असतो, असं तुला वाटतं? माणसाने मोडली तर ती खरंच कुणाला बाधते का? सहज मनात आलं.

तब्येतीचं विसरू नकोस.

तुझा, आणि तुझ्या भुंग्याची काळजी वाहणारा,
धाकटा


दि. २० ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तुला काहीही झालेलं नाही हे तीन वेळा वाचलं आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिलं.

रविवारी फोनवर मी तुला सांगितलं की भुंगा सायकलवरून पडला. पडला हे खरं आहे. तू विचारलंस, "कसा पडला?" मी म्हटलं, "खडी." तू म्हणालीस, "खरं सांग." मी म्हटलं, "खरंच खडी." तो शेजारीच उभा होता, माझ्याकडे बघत. फोनवर तुझा पहिला प्रश्न असतो, 'बरा आहे ना?' त्याला 'हो' म्हटलं की पुढचं सगळं बोलणं त्या 'हो'च्या मागून चालत राहतं. वळता येत नाही. म्हणून लिहितोय. बसून वाच. आजीबाई झोपल्यावर वाच.

गेल्या मंगळवारी दुपारी हेडमास्तर दुकानात आले. हातात सिमेंटची जुनी गोणी होती. स्टूल दिलं तर बसले नाहीत. गोणी जमिनीवर ओतली. सोल्युशनच्या रिकाम्या नळ्या. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे शिपायाला सापडल्या. सोबत दुधाच्या पिशव्या, आतून पिवळ्या पडलेल्या. पिशवीत नळी पिळायची, पिशवी तोंडाला लावायची आणि श्वास घ्यायचा. हे मला हेडमास्तरांनी समजावून सांगितलं, मी शाळेतला असल्यासारखं.

मी नळ्या उचलून बघितल्या. ताई, एकही मधून दाबलेली नव्हती. सगळ्या तळापासून गुंडाळत आणलेल्या, घट्ट, थेंब न ठेवता.

सात मुलं सापडली. दोन मुलीही आहेत त्यात. एक आपल्या टपालवाल्याची धाकटी, जी माझ्याकडे हवा भरायला यायची आणि पंप स्वतःच मारायची. सातवा आपला भुंगा.

तो सायकलवरून पडला, कारण त्याचे पाय पॅडलवर राहत नाहीत. चप्पल पायातून सुटते आणि त्याला कळत नाही. सदऱ्याची बटणं लावायला त्याला भावजयीची मदत लागते. आम्ही महिनाभर त्याला अशक्तपणा समजत होतो. मी दूध वाढवलं, अंडी वाढवली. आपल्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने टॉनिकची बाटली दिली आणि म्हणाला, "मोबाइल कमी बघ." मी त्यालाही मान डोलावली.

शुक्रवारी मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, पण बोलायला नीट. तिने रबरी हातोडीने त्याच्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडायला हवा. उडाला नाही. तिने पुन्हा ठोकलं. भुंगा स्वतःच्या पायाकडे असा बघत होता, जणू दुसऱ्या कुणाचा पाय तपासतायत. ती म्हणाली, त्या वासाने हातापायांच्या नसा वाळतात. मी विचारलं, औषध? ती म्हणाली, बंद करणं हेच औषध. आणि बंद केल्यावरही दोन-तीन महिने पाय आणखी कमजोर होत जातील, मग थांबेल, मग हळूहळू परत येईल. वर्ष लागेल. सगळं परत येईलच असं सांगता येत नाही. मी म्हटलं, "म्हणजे आज थांबला तरी वाढणार?" ती म्हणाली, "हो. आणि तो आज थांबलेला नाही, काका."

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. त्याच्या दप्तरात पट्टी शोधताना तसली पिशवी मिळाली. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. ओरडलो नाही. मारलं नाही. मला वाटलं, मारून माणूस सुधारत नाही, देवासमोर उभा केला की सुधारतो. मी त्याला तसबिरीपुढे उभं केलं आणि म्हटलं, "शपथ घे." त्याने विचारलं, "कुणाची?" मी म्हटलं, "आईची." त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मामा, दुसऱ्या कुणाची घेऊ का? तुझी घेतो." मी म्हटलं, "नाही. आईचीच."

त्याने घेतली. मग रडला, मीही रडलो, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. ना हेडमास्तरांना, ना भावजयीला. हेडमास्तरांना तेव्हाच सांगितलं असतं तर टाकीमागे ऑगस्टमध्येच कुणी गेलं असतं. टपालवाल्याच्या पोरीने तोवर सुरुवातही केली नव्हती म्हणे.

आणि त्याच्यावर नजर राहावी म्हणून मी त्याला कुठे बसवला? दुकानात. सोल्युशनच्या डब्याशेजारी. माझ्या पाठीमागे फळीवर नळ्या, समोर उघडी नळी, आणि मी चाकात डोकं घालून बसलेला. मला वास येत नाही. बावीस वर्षांत तो वास माझ्यासाठी हवाच झालाय. घरी भावजय म्हणाली की पोराला वास येतो, तर मी हसण्यावारी नेलं. त्याला लपायला माझ्यासारखी जागा गावात दुसरी नव्हती.

तो शपथ मोडतोय हे सप्टेंबरच्या सुरुवातीला माझ्या लक्षात येऊ लागलं होतं. त्याचे तारवटलेले डोळे दिसतात ना. मग मी काय केलं? तुला पत्र लिहिलं आणि खोकला, ताप, चक्कर विचारली. शपथ तुझी होती. मला धास्ती तुझी पडली होती. पोर डोळ्यादेखत वाळत होतं, आणि मी तिकडे तुला काही होत नाही ना म्हणून घाबरत होतो. असल्या देवभोळेपणाला काय म्हणायचं, ते तू ठरव.

त्याने मला एकच गोष्ट मागितली होती. "आईला सांगू नकोस." मी बरं म्हटलं होतं. आता माझाही शब्द मोडला.

तुझा
धाकटा


दि. २८ ऑक्टोबर

ताई,

तुझा फोन आला. तू काही बोलली नाहीस. बराच वेळ मी तुझा श्वास ऐकत उभा होतो. मग तुझ्या मागे आजीबाईंची घंटा वाजली आणि फोन बंद झाला. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या घेऊन कुठेतरी बसलो असतो.

तू विचारलं नाहीस, तरी इथलं सांगतो.

सोल्युशनचा सगळा साठा मी जाळला. दुकानावर पाटी लावली, पंक्चर निघणार नाही. आता फक्त हवा, ब्रेक, चेन. खडीवर पंक्चर झालेले लोक सायकल हातात धरून येतात, पाटी वाचतात आणि बाजाराच्या गावापर्यंत ढकलत नेतात. काही समजून घेतात. चहावाल्याकडे गेलो की कुणीतरी म्हणतंच, "काय मास्तर, पुढचा धडा कशाचा?" एकदा एका पोराचा बाप दुकानात घुसला आणि माझी कॉलर धरली. "तुम्ही विकलंत," म्हणाला. मी म्हटलं, "हो." त्याला वाटलं होतं मी वाद घालेन. त्याने कॉलर सोडली, तिथेच खाली बसला आणि विचारलं, "आता काय करायचं हो?" मी त्याला पाणी दिलं. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे.

शाळेत सभा झाली. एक जण म्हणाला, सोल्युशन म्हणजे काय दारू आहे का, पोरं आहेत, विसरतील. दुसरा म्हणाला, ही शहरातली थेरं, आपल्याकडे कुठून येणार. त्याचाच मुलगा सातांत होता. पोरगा दारापाशी उभा राहून ऐकत होता. हेडमास्तरांनी ठराव केला की टाकीला कुंपण घालायचं. कुंपण झालं. चांगलं मजबूत आहे.

भुंगा आता भिंत धरून चालतो. तुला सांगितलं हे त्याला मी तुझा फोन आला त्याच दिवशी सांगितलं. त्याने विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही." तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

परवा दुपारी मी जेवायला घरी आलो तर अंथरूण रिकामं. भावजय विहिरीवर गेली होती. मागच्या अंगणात गेलो. धुळीत फरपटल्याच्या दोन रेघा होत्या, घराच्या दारापासून शेजाऱ्याच्या मोटारसायकलपर्यंत. अंगणात धरायला भिंत नाही म्हणून तो सरपटत गेला होता. गुडघ्यांवर बसून त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं होतं आणि तिच्या भोकावर तोंड धरलं होतं, बाळ अंगावर पितं तसं. मला बघून त्याने झाकण लावायचा प्रयत्न केला. बोटांना झाकण बसवता येईना. ते घरंगळत माझ्या पायाशी आलं.

मी सोल्युशन जाळलं, ताई. पण प्रत्येक दारात मोटारसायकल उभी आहे. रंगाऱ्याकडे थिनर आहे. कुठे कुठे कुंपण घालू?

मी झाकण लावलं आणि त्याच्याशेजारी धुळीत बसलो. ऊन डोक्यावर होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी विचारलं, "त्याने होतं तरी काय रे?" इतक्या महिन्यांत मी त्याला हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने गुडघ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "दुपार संपते, मामा."

मी त्याला शपथ दिली, दूध दिलं, नजरेसमोर ठेवलं. त्याच्या दुपारीचं काय करायचं, ते मला येत नाही.

"आई येईल का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "नको येऊ दे. असं बघायला नको." मग थोड्या वेळाने, "मी शपथ मोडली तरी तिला काही झालं नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे बाळा. तिला काही झालं नाही." तेव्हा मला कळलं की जी भीती मी बाळगली, तीच तो माझ्याशेजारी बसून बाळगत होता. प्रत्येक पिशवीबरोबर त्याला वाटायचं, आईला काही होईल. आणि तरी त्याला थांबता यायचं नाही. एवढ्याशा पोराच्या मानेवर हे ओझं मी ठेवलं.

त्याला पाठुंगळी घेऊन घरात आणलं. तो माझ्याहून उंच आहे, पाय जमिनीला लागत होते. वजन मात्र लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एका केंद्राचं नाव दिलंय. बसने पाच तास. मुलांसाठी वेगळी खोली आहे, पायांचे व्यायाम करून घेतात. पंधरा नोव्हेंबरला एक खाट रिकामी होणार आहे. तिथे गेला की बरा होतो का, असं मी फोनवर विचारलं. त्या माणसाने खरं सांगितलं. म्हणाला, काही बरे होतात, काही पुन्हा तेच करून इथे परत येतात, काही परत येत नाहीत. मला त्याचा राग आला नाही.

सोबत त्यांचा कागद पाठवतोय. तू आई आहेस, सही तुझीच लागेल. दाजी असते तर गोष्ट वेगळी होती. जिथे फुली केली आहे तिथे सही कर आणि चौदा तारखेच्या आत मिळेल असा पाठव. यायचं की नाही ते तू ठरव. ये म्हणण्याचं तोंड मला नाही, आणि येऊ नकोस म्हणण्याचाही अधिकार नाही.

आज सकाळी देवापुढे बसलो, पण मागता काही आलं नाही. नुसता बसून उठलो.

कागदावरचं बाकी सगळं मी भरलंय. वय, उंची, शाळा, कधीपासून, कशाने. शेवटची एक ओळ तेवढी आहे: 'मुलाची जबाबदारी कोणाकडे राहील.' इतकी वर्षं अशा ओळी आल्या की मी विचार न करता माझं नाव घातलं. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे. या वेळी पेन टेकवून बराच वेळ बसलो. ती ओळ मी कोरी ठेवली आहे. तिथे कुणाचं नाव घालायचं, ते तूच लिही.

नुसता
धाकटा